न कापणारे सर्जन

माझ्या साडूंइतका न कापणारा सर्जन अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. जळगावात त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे. पण घरी टरबूज कापायला दिलं, तर ते वाजवतात, उलटंपालटं करतात आणि खाली ठेवतात. "आज राहू द्या, उद्या बघू." शेवटी मेहुणी सुरी काढून घेते. बरं, घाई त्यांना येतच नाही म्हणावं, तर एकदा लग्नाच्या पंगतीत फोन आला: कुणाच्या मानेत काच घुसलीय, सूज वाढतेय. वरण-बट्टीचं ताट सोडून हे उठले, स्कॅनबिन न करता थेट ऑपरेशनला घेतलं, आणि माणूस वाचला.

मागच्या उन्हाळ्यात एरंडोलजवळच्या आमच्या शेतात केळीचा घड उतरवताना विळा निसटला आणि त्याचं टोक माझ्या धाकट्या भावाच्या मानेत गेलं. गड्यांनी जखमेत हळद कोंबली, वर उपरणं करकचून आवळलं. तसंच त्याला जळगावला दवाखान्यात नेलं. साडूंनी आधी ते उपरणं सोडवलं. रक्ताची धार नाही, सूज वाढत नाही, जखमेतून हवा येत नाही.

"भाऊ, ऑपरेशन करी टाका ना!" आई रडत साडूंना विनवत होती.

"थांबा आई. आधी तो बोलू दे." ते भावाकडे वळले. "सोनगीरच्या लग्नात तुझ्या सासरच्यांनी काय काय चुकवलं, सांग."

भावाने बायकोकडे पाहिलं. "बठ्ठं सांगू?"

"बठ्ठं. अगदी सगळं," साडू म्हणाले.

"भरीत पुरनं नही..." तिथून जो सुरू झाला! साडू डोळे मिटून फक्त आवाज ऐकत होते. घोगरा होतो का, थुंकीत रक्त येतं का.

"इतकं बोलस, म्हणजे काही व्हयेल नही," त्याची बायको डोळे पुसत म्हणाली.

मग औषध टोचून शिरांचा स्कॅन केला. मोठ्या शिरा शाबूत होत्या, अन्ननलिकाही. तरी "आज इथेच ठेवू," म्हणून ते उशाशी बसले. मला प्रत्येक गोष्टीत आकडा लागतो. विचारलं, "धोका शेकडा किती?"

"शेकड्याचं पुस्तकात असतं. माझ्यापुढे हा एकच आहे."

संध्याकाळपर्यंत सूज तेवढीच राहिली. आईने दिवसभरात पहिल्यांदा पाणी घेतलं, आणि मलाही खाली बसावंसं वाटलं. साडू मात्र दुपारपासून खुर्चीवरून हलले नव्हते.

"आता तरी घरी जा," मी म्हणालो.

"कापलं असतं तर केव्हाच मोकळा झालो असतो हो," ते हळूच म्हणाले. "थांबायचं ठरवलं, की भीती आपल्याला वाटत राहते."

भावाला झोप लागली होती. त्यांनी त्याच्या गळ्यावरची चादर जराशी खाली सरकवली आणि पुन्हा बघत बसले.