भिंतीवरचं जळतं जहाज

लावा पैज. यातल्या एका सबुदावर जरी तुमचा इस्वास बसला, तर हा च्या माझ्या डोक्यावर ओता!

माझा नातू महेश जहाजावर नोकरीला. मागल्याच्या मागल्या सुट्टीत त्यानं हॉलंड देशातनं ह्ये एवढं चित्र आनलं. समुद्रातली लढाई. पार म्हाराजांच्या वक्ताची. शिडाची जहाजं, तोफांचा धूर, एक जहाज धडाधडा जळतंय, आन मानसं फळकुटाला धरून गटांगळ्या खात्यात. सुनंनं सोप्यातच टांगलं.

तो परत गेल्यावर लई दिसांनी शेजारची सोनाबाई बघाया आली. "आत्याबाई, ह्ये काय वो?"

आता गप बसावं का न्हाई? पन माझी जीभ! म्हनलं, "महेशचं जहाज. लढाई लागलीया तिकडं."

"आगं बया! आन इंजिन कुठंय ह्याला?"

"डिझेल परवडतंय व्हय? वाऱ्यावर हाकत्यात."

"आन महेश?"

मी जळतं जहाज दावलं, पदर डोळ्याला लावला, आन आत जाऊन पोट धरून हसले.

सोनाबाई मातर हसली न्हाई, थेट भनीला कळवून मोकळी झाली. तिची भन दिलीया राहुरीकडं, आन तिच्याच गल्लीत महेशची ठरलेली पोरगी! जहाजावरच्या पोराला पोरगी कोन देतंय सांगा? चपला झिजल्या, तवा कुठं ही जुळली. त्याच आठवड्यात रविवारी सुपारी फोडायची हुती. त्यासाठी महेश नवी सुट्टी काढून पहाटंच घरी पोचला, आंघोळीला गेलता.

पोरीकडची जीप आली. बाया उतरल्या त्या गळा काढूनच! फोन न्हाई केला का म्हनता? आवो, अशा वक्ताला फोन कोन करतं? थेट दारात जात्यात.

पोरीची आई माझ्या गळ्यात पडली. आता आपली रीत काय? कुनी गळ्यात पडून रडलं, तर आधी रडायचं. कोन गेलं ते मागनं इचारायचं. मला वाटलं, त्यांच्यातलंच कुनी गेलं. मी बी असा हंबरडा फोडला, का सगळी आळी गोळा झाली!

"सोन्यासारखं हुतं वो!" ती.

"देवाला बी चांगलीच मानसं लागत्यात!" मी.

"आता आमच्या पोरीनं कुनाकडं बघायचं?"

"आमी हाओत की!"

तेवढ्यात नव्या शर्टाची बटनं लावत महेश भायेर आला.

पोरीच्या आईनं माझा गळा सोडला. मग सोनाबाईनं गर्दीतनं बोट केलं. चित्राकडं न्हाई, माझ्याकडं.

पोरीचा बाप लई भला मानूस. म्हनला, "पोरगा जित्ता हाय, देवाची किरपा. पन आजी, ज्या उंबऱ्यावर रडून झालं, तिथं सुपारी फुटत न्हाई."

मी पाया पडले वो त्याच्या. ह्या वयात! पन जीप गेली ती गेलीच.

महेशनं चित्र काढलं, माझ्या खाटंसमोर ठोकलं, आन सुट्टी अर्धी टाकून जहाजावर गेला. फोन येतो त्याचा. सुनंशी बोलतो, म्हशीची बी चौकशी करतो. माझी न्हाई.

काल सोनाबाई इचारत हुती, "आत्याबाई, ह्यात महेश न्हाई, मग ह्ये फळकुटाला धरून बुडतंय ते कोन?"

म्हनलं, "नीट बघ की. मीच हाय ती."

तर बया चष्मा पुसून चित्रात माझं लुगडं हुडकाया लागली!

बघत काय बसलाव? उठा, जावा आता. महेशच्या फोनची येळ झाली. सुनंच्या मागं जाऊन उभी ऱ्हाते, आवाज तरी कानावर पडंल. जावा.