देवाच्या पाटावरची घरं

साखळी गावच्या बाजारात पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे घेत होतो, तेव्हा वैनीचा फोन आला. "सुभाष, हे गेले रे..." मोहनदादा, माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, जन्मभर शाळेत ड्रॉइंग मास्तर, चहाचा कप हातात घेतला आणि कलंडला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेल बाबा. पण मला विचाराल तर तो चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, विसर्जनालाच अर्धा गेला होता. त्याला जाऊन महिना होत आला, अजून लिहिताना राग येतो, आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नाही.

पेडण्याकडे नदीकाठी आमचा वाडा, म्हणजे भाऊबंदांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांची छोटी वस्ती. गेल्या वर्षी पुरात नदी आत आली. माणसं वाचली, पण मातीच्या भिंती पाणी पीत राहिल्या आणि एकामागून एक खाली बसल्या. आमच्या मूळ घराचं जोतं तेवढं राहिलं. कोणी मांद्र्याला लेकीकडे, कोणी पेडण्यात भाड्याच्या खोलीत, वाडा पांगला. आम्ही नुसते हळहळत बसलो. दादा मात्र पिशव्या घेऊन जायचा आणि प्रत्येक घराच्या पडलेल्या भिंतीची माती वेगळी भरून आणायचा. "वेडबीड लागलंय काय तुका?" मी म्हटलं. तर म्हणतो कसा, "ज्याची माती, त्याचंच घर. दुसऱ्याची घालून कसं चालेल?" आणि खरंच, त्याने त्या मातीची वीत-वीत उंचीची घरं केली. कोणाची वाकडी पडवी, कोणाचं तुळशीवृंदावन, आमच्या माजघराची बुटकी खिडकीसुद्धा. बायका बघायला यायच्या आणि बोट लावून म्हणायच्या, "अगो, हें आमचें! हो बघ सोपो, हांगा मामंजी बसत!" हसता हसता डोळ्यांना पदर लावायच्या.

घरं कच्ची होती. चवथ झाली की भट्टीत भाजून घ्यायची आणि देवळाच्या सभामंडपात कायमची ठेवायची, असं डिचोलीच्या कुंभाराशी त्याचं बोलणंही झालं होतं. पण यंदा जोत्यावर पत्रे ठोकून सगळ्या वाड्याचा एकच गणपती बसवला, तेव्हा दादाला सुचलं की देव सगळ्यांच्या घरात एकदम बसलेला दिसू दे. म्हणून त्याने घरं देवाच्याच पाटावर, मूर्तीच्या भोवती मांडली. चुकलं ते तिथे. भटजींच्या अक्षता घरांवर पडल्या, बायकांनी आपापल्या घराला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. किती सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! मीसुद्धा हात जोडले.

विसर्जनाला पाट उचलायची वेळ झाली आणि दादा घरं उतरवून ठेवायला वाकला. तेवढ्यात बाबूकाका, आमच्यातले सगळ्यात वडील, म्हणाले, "मोहना, देवाबरोबर पुजलेली माती मागे ठेवायची नाही." मी उसळलो. "काका, ती मूर्ती नाही, ती त्याची कला आहे!" काका भांडले असते तर बरं झालं असतं, ते रडायलाच लागले. "परत पाणी आयलें जाल्यार, पुता?" भटजींना विचारलं तर तेही चाचरले, "शास्त्राचं नक्की सांगता येत नाही, पण पुजलंय खरं..." दादाने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "व्हरा," म्हणजे न्या, एवढंच म्हणाला. मग ज्या नदीने घरं नेली, तिच्यातच तो स्वतः कमरेपर्यंत उतरला. आमचं घर त्याने शेवटी सोडलं. सोडलं तरी कुठे, पाण्याखाली दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, विरघळून जाईपर्यंत.

"'नाही' असं का म्हणाला नाहीस रे?" नंतर मी त्याला विचारलं. "धीर झाला नाही," तो म्हणाला. "उद्या परत नदी आली तर वाडा म्हणणार, मोहनने देव दुखवला... आणि खरं सांगू? मीपण भ्यालो." सगळेच भ्यालेले. परत कर म्हणावं, तर पिशव्या रिकाम्या झालेल्या, आणि वाड्यात जेसीबी फिरून सगळ्या घरांची माती एक झालेली. तरी त्यातलीच थोडी आणून त्याने घमेल्यात मळून ठेवली. बसायचा तिच्यासमोर, हात लावायचा नाही. म्हणायचा, "ही कोणाची म्हणून कोणाचं घर करू?"

परवा त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो होतो. मागच्या दारी वैनी घमेल्यावर झाकलेलं पोतं पाण्याने भिजवत होती. "सुकू द्यायची नाही, म्हणायचे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुभाष, कुठवर अशी ओली ठेवू रे?" मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि पोत्याची एक कड कोरडी राहिली होती, तिच्यावर पाणी शिंपडलं.