डावा गाल

मुलगी दहावीला होती त्या वर्षी तिच्या तोंडावर पुटकुळ्या फार उठल्या. फेब्रुवारीत निरोप समारंभ होता, वर्गाचा फोटो निघणार होता. त्याआधी तोंड स्वच्छ व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. मलमाने दीड महिन्यात फरक पडला नव्हता.

मी डिंगोऱ्यात डेअरीवर कॅनमधून सॅम्पल घेऊन दुधाचं फॅट काढायचो. फळांच्या सालीचा अर्क पुटकुळ्यांतले जंतू मारतो असं पेपरच्या एका पुरवणीत वाचलं आणि मला पटलं. संत्र्याची साल उकळून पाहिली. आठ दिवसांत काही झालं नाही. मग नारायणगावहून लिंबं आणली. पन्नास ग्रॅम हिरवी साल किसून शंभर मिली स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, तेवढंच पाणी घातलं. रात्री झोपताना फक्त डाव्या गालाला लावायचं. उजवा तसाच ठेवायचा, म्हणजे गुण अर्काचा की आपोआपचा, ते कळेल. सकाळी तिला ओट्यावर उजेडात बसवून दोन्ही गालांवरचा आकडा मी वहीत लिहायचो.

बायको म्हणाली, "पोरीचं तोंड हाय का दुधाचं कॅन? सॅम्पल काय काढताय!"

सुरुवातीला डावीकडे एकोणीस होत्या, उजवीकडे अठरा. बाराव्या दिवशी डावीकडे सात, उजवीकडे सतरा. मुलगी आरशापुढून हलेना.

"अण्णा, आता उजव्या गालाला पण लावा ना."

"अजून चार दिवस. सोळा पुरे होऊ दे."

"लई चिकट हाय तुमी," ती हसून म्हणाली.

त्या शनिवारी मी एका लग्नाला गेलो, मुक्काम पडला, अर्क लावायचा राहिला. वहीत खाडा नको म्हणून रविवारी सकाळी परतल्यावर लावला. ती तशीच आईबरोबर कांदा खुरपायला गेली आणि दिवसभर उन्हात बसली.

संध्याकाळी गाल जळजळू लागला. मंगळवारी फोड आले. ते बसले तेव्हा जिथे जिथे अर्क लागला होता तिथे तपकिरी डाग उरले. एक ओघळ मानेपर्यंत गेला होता, तोही तसाच उमटला.

डॉक्टर म्हणाले, "लिंबाच्या सालीतलं तेल अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. डाग जातील, पण काही महिने धरा."

मी रोज पुटकुळ्या मोजल्या, अर्क मोजला. उन्हाचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

समारंभाच्या सकाळी ती आईची साडी नेसून बाहेर आली आणि ओट्यावर उजेडात बसली. गेल्या दहा दिवसांत मी वही उघडली नव्हती.

"मोजा," ती म्हणाली.

डाव्या गालावरच्या डागांमधून मी पुटकुळ्या मोजल्या. "चार."

"मग गुण आला की, अण्णा," असं म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने तिच्या अंगावर घरातला ड्रेस होता, आणि तिची आई साडीची घडी घालत होती.

समारंभ अकराचा होता. पावणेबारापर्यंत मी ओट्यावरच बसून होतो, पण ती बाहेर आली नाही.