शेंदूर लावलेली हद्द

माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी नवख्या माणसानं तोंडात घेतलं की तो थुंकायला जागा शोधायचा. डाळ तासन्तास रटरटली तरी शिजायची नाही आणि साबण कितीही घासा, फेस म्हणून धरायचा नाही. त्यामुळे अमरावतीच्या माळ्याचं स्थळ आलं तेव्हा माझ्या बाबांनी मुलगा नीट पाहिला की नाही ते देव जाणे, पण विहीर मात्र वाकून वाकून पाहिली. मोटेच्या थारोळ्यातून एक ओंजळ प्याले आणि तिथंच म्हणाले, "झालं. पोरगी इथंच द्यायची."

तेव्हा प्याले ते शेवटचं. सोयरीक झाली आणि रीत आडवी आली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मग बाबा मला भेटायला यायचे ते पितळी तांब्यात घरचं पाणी घेऊन, वर फडकं घट्ट बांधून. गोड्या विहिरीशेजारच्या निंबाखाली बसायचे आणि घोट घोट ते खारं पाणी प्यायचे. मी म्हणायची, "बाबा, कोनी पाहून नाई राह्यलं, घ्या न थोडंसं." ते हसायचे. "देव पाह्यते न बाई. तुले लेकरू होऊ दे, मंग घागरीलेच तोंड लावतो." मला रडूही यायचं आणि रागही यायचा. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि लेकरू काही माझ्या हातात नव्हतं.

आमचं घर अमरावतीच्या परकोटाबाहेर, जकातीच्या नाक्याच्याही पलीकडे. आधी घर, अंगणाला लागून विहीर, आणि विहिरीच्या पुढं मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेनं झेंडू आणि शेवंती. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन आम्ही सासू-सुना नाका ओलांडून गावात जायचो. वकिलांच्या, मास्तरांच्या, भटजींच्या दारी भाजी द्यायची, देवाला फुलं द्यायची आणि ऊन चढायच्या आत परत. तेव्हा वऱ्हाड म्हणायला निजामाचं, राज्य इंग्रजाचं आणि हुकूम नागपूरचा. आपण नेमके कोणाचे हे जिथं धड ठरत नव्हतं, तिथं गाव कुठवर हे ठरवायची गावच्या कमेटीला, म्हणजे नगरपालिकेला, भारी घाई झाली होती.

एक दिवस दवंडी पिटली. गावाची हद्द वाढवायची आहे, परकोटाबाहेर नवी वस्ती बसवायची आहे, ज्याला जे म्हणायचं असेल त्यानं शाळेच्या पटांगणात येऊन म्हणावं. झालं! त्या दिवसापासून ज्या दारी पाटी उतरवावी त्या दारी हाच विषय. वकीलसाहेब ओट्यावरून म्हणायचे, "नागपूर बघा केवढं वाढलं, अकोला वाढतंय, आपण काय परकोटातच कुजायचं?" वकिलीणबाई हळूच म्हणायच्या, "मला मोकळी हवा पाहिजे बाई, इथं शेजारणीच्या फोडणीनं मला ठसका लागतो." भटजींना वाढ नको होती. वेशीबाहेर लोक राहायला गेले तर सोवळ्यात एवढं चालायचं कसं, ही त्यांची अडचण. बाजारातल्या माळणींचं म्हणणं वेगळंच. वाढू द्या की, तोंडं वाढतील, भाजी खपेल. मी सगळ्यांचं ऐकायची आणि मेथीची जुडी बांधायची. मला कोण विचारणार होतं?

माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, फार कमी बोलायचे. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "गाव वाढू दे, पन ज्या विहिरीवर गाव भाजी खाते ते विहीर गिळू नये." त्यांचं भय खरं होतं. हद्दीच्या आत येणारी मोठी विहीर कमेटी नव्या वस्तीच्या पिण्यासाठी घेणार, मोट बंद करणार, हे दवंडीतच सांगितलं होतं. आणि मोट बंद म्हणजे मळा बंद.

मग कमेटीचा ओव्हरशियर मोजणीची साखळी घेऊन आला. मापं घेत घेत नेमका विहीर आणि वाफे यांच्या मधोमध थांबला, तिथं त्यानं एक दगड रोवला. विहीर गावात, मळा गावाबाहेर! मामाजींनी हात जोडून विचारलं तेव्हा म्हणाला, "ही कच्ची खूण आहे बुवा. सभेत सांगा तुमचं काय ते. मानलं तर दगड मागे घेऊ." मामाजी त्या दिवसापासून सभेत काय बोलायचं ते मोट हाकता हाकता पुटपुटायला लागले.

इकडे आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोक्यात दुसरंच शिजत होतं. ओव्हरशियरचा एक मजूर जाता जाता त्यांना म्हणाला होता की आज दगड इथं आहे, उद्या पार शेवंतीपल्याड जाईल. बाई हादरल्या. नवऱ्याला विचारायचं नाही, लेकाला विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला गेले तर काय, दगड लालभडक! तेलात कालवलेला शेंदूर, वर झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ.

"आत्याबाई, हे काय वं?"

"चूप राय. आता पाहू कोन सरकवते त्याले पुढं. देवाले कोन हात लावते?"

बांधावरच्या दगडाला शेंदूर लावणं आमच्याकडे नवं नव्हतं. पेरणीआधी, मोट जोडण्याआधी लावतोच आम्ही. पण तो आपला दगड असतो, कमेटीचा नाही. मला हसू आलं. मामाजी मात्र हसले नाहीत. माझे धनी म्हणाले, "माय, तू तं कमालच केली."

आणि देव तरी काय, पसरायला त्याला वेळ लागतो का? आठ-पंधरा दिवसांत शेजारच्या मळ्यातल्या बायका शनिवारी तेल घालू लागल्या. कोणाची हरवलेली गाय सापडली, कोणाचा ताप उतरला. कोणी तरी भगवी झेंडी लावली. आत्याबाईंनी स्वतःच लावलेल्या शेंदरापुढं स्वतःच डोकं टेकायला सुरुवात केली, आणि एका शनिवारी मला समोर बसवून नवस बोलल्या, "सुनेची कूस उजव, तुले चांदीचे डोळे करीन." मी मनात म्हटलं, अहो, यानं मळा राखायचा की पाळणा हलवायचा, एक काय ते सांगा बिचाऱ्याला.

पुढच्याच महिन्यात मला दिवस गेले.

आता सांगा. मी कोणत्या तोंडानं हसणार होते?

सभा झाली तेव्हा मला मळमळत होतं, तरी मी बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. वकीलसाहेब छान बोलले, टाळ्या घेतल्या. भटजी चिडून बोलले. मग मामाजी उठले. पागोटं काढून हातात घेतलं आणि तेच वाक्य बोलले, गाव वाढू दे पण ते विहीर गिळू नये. पुढं म्हणाले, "मुळाची जागा माती असते, साहेब, फरशी नाई." कमेटीचे मुख्य चांगले माणूस होते. म्हणाले, "बुवांचं खरं आहे. दगड मागे घ्या, घर आणि विहीर दोन्ही हद्दीबाहेर राहू द्या." वाटलं, सुटलो!

तेवढ्यात ओव्हरशियर उठला. "साहेब, माझे मजूर त्या दगडाला हात लावत नाहीत. देव झालाय त्याचा. आणि जुना दगड उभा असताना नवा लावता येत नाही, हद्द दोन ठिकाणी कशी असेल?"

मुख्य हसले. "मग ज्यांनी देव केला त्यांनीच तो हलवावा. दिवाळीपर्यंत काढून द्या, बुवा. नाही काढला तर आहे ती हद्द पक्की."

लोक तर काय, टपलेलेच होते. कोणी म्हणालं, वेशीवर देव असतोच, देवानंच गावाची वेस दाखवली. ज्यांना वाढ हवी होती त्यांना ते भारी पटलं. सकाळपर्यंत ज्यांनी आमच्या दगडाची थट्टा केली, ते वकीलसाहेबसुद्धा संध्याकाळी नारळ घेऊन आले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

दिवाळी जवळ आली. एका सकाळी मामाजी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन दगडापाशी गेले. आत्याबाई आधीच तिथं मांडी घालून बसल्या होत्या.

"उठ वं."

"नाई उठत. अवो, त्याच्यानं सून पोटुशी आहे. तुमी त्याले उपटलं अन् काही भलतंसलतं झालं तं?"

"अवं, तूच लावला न शेंदूर? कायचा देव तो?"

"लावला मी. पन आला तो. आता मी काय करू?" असं म्हणून त्या ढसाढसा रडायला लागल्या. त्या खोटं रडत नव्हत्या. माझे धनी मान खाली घालून उभे होते. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मला कोणी विचारलं. "सूनबाई, तू सांग. तुझ्या पोटातलं आहे, अन् पाणीबी तुझंच आहे. काढू का राहू देऊ?"

माझ्या डोळ्यांसमोर निंबाखाली तांब्याचं फडकं सोडणारे बाबा आले. गोड पाणी राखायचं तर दगड काढायला हवा. बाबांनी ते प्यायचं तर लेकरू जगायला हवं. काढा म्हणावं तर जीभ उचलेना, ठेवा म्हणावं तरी उचलेना. तो दगड आहे हे मला ठाऊक होतं, तरी हात आपोआप पोटावर गेला. मामाजींनी तो हात पाहिला. सब्बल खांद्यावर टाकली आणि घरी गेले.

मग सगळं रीतसर झालं. मोट उतरली. विहिरीवर कमेटीचं इंजिन बसलं, दिवसभर भकभक करू लागलं. पाट कोरडा पडला, आधी मेथी गेली, मग वांगी, शेवंती तर उभ्या उभ्या वाळली. मामाजी कावड भरून झेंडूच्या चार रोपांना घालायचे, तेही एक दिवस थांबलं. गावाकडच्या अंगाला नवी घरं उठली, वकीलसाहेबांचं सगळ्यात मोठं. आम्ही गावचे झालो, कर भरू लागलो, आणि दारच्या विहिरीचं पाणी कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावून घेऊ लागलो. रोज त्या शेंदरी दगडावरून जायचं. त्याला शिव्या द्याव्या तर पाळण्यात लेक खेळतेय, नमस्कार करावा तर समोर मळा वाळतोय. आपलेच दात, आपलेच ओठ.

बाळंतपण आत्याबाईंनी सासरीच केलं होतं. वैशाखात बाबा आले, नातीला पाहायला. दर्यापूरहून निघालेले, घामानं निथळत. लेकीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळाला ओठ लावले. मग निंबाखाली बसून म्हणाले, "दे वं बाई आता. तुझ्या घरचं पाणी. लई वर्सं वाट पाह्यली."

मी लोटा घेऊन आत गेले. रांजण कलता केला, तळाशी नुसता ओलावा. इंजिनानं ओढून ओढून विहीर आटली होती आणि त्या दिवशी नळ आला नव्हता. आत्याबाई कळशी घेऊन सकाळपासून पाण्याच्या शोधात गेल्या होत्या, अजून परतल्या नव्हत्या. मी रिकामा लोटा घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यातच उभी राहिले. तान्ही अंगावर पिणारी, सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, ओठ फुटले होते. बाबांनी लोट्यात पाहिलं नाही, माझ्या ओठांकडे पाहिलं.

त्यांनी पिशवीतून तांब्या काढला. सवयीनं आणला होता. फडकं सोडलं आणि माझ्यापुढं धरला.

"घे. खारं आहे, पन माहेरचं आहे."

मी प्याले. सगळं प्याले. बाबा तसेच तहानलेले नातीला थोपटत बसले होते.