उजवीकडे पाय सोडून

आमच्या किन्हीराजा गावाकडच्या बायका सायकलच्या कॅरिअरवर बसायच्या त्या डावीकडे पाय सोडून. मी एकटी उजवीकडे पाय सोडायचे. "उलटी बसली पाह्य," म्हणून शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. मला तिथे काम होतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याचा उजवा हात खांद्यातून गेला. सोयाबीनचं पोतं गाडीत चढवताना आत काहीतरी तुटलं. हॅंडल धरता यायचं, पण हात बाजूला उचलता यायचा नाही. आणि आमचं शेत नेमकं मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळल्यावर. मागून ट्रक, एसट्या, जीपा. मग हात मी दाखवायचा असं ठरलं. उजवीकडे तोंड करून बसलं की जराशी मान फिरवली तरी मागचा सगळा रस्ता दिसतो. मागच्याला हळू ये म्हणायला हात वर-खाली करायचा, वळायच्या आधी सरळ लांब करायचा, आणि रस्ता मोकळा दिसला की यांच्या पाठीवर थाप मारायची. थाप पडल्याशिवाय हे हॅंडल वळवायचे नाहीत. त्या वळणावर माझ्या शब्दाला जेवढा मान होता, तेवढा घरात कधी मिळाला नाही.

पण मला सायकल चालवायची होती. पुढे बसून, स्वतः. दर हंगामात एकदा तरी मी विषय काढायचे.

"मले शिकवा ना."

"तुले कायले पाह्यजे? मी हाओ ना न्याले-आनाले."

बोलण्यात खोट नव्हती, म्हणून भांडताही यायचं नाही. दिवसभर फुगून बसायचे आणि सकाळी पुन्हा कॅरिअरवर चढायचे. पुढच्या वर्षी शिकू म्हणता म्हणता मुलं मोठी होऊन पुण्याला गेली.

आता यांचे गुडघे गेलेत. सायकल गोठ्यात उभी असते आणि मी शेतात पायी जाते. शाळेच्या पोरी बाजूने सायकलवर सरसर निघून जातात. या वयात हेवा वाटू नये, पण वाटतो. हात दाखवायला मला त्यांच्यापेक्षा चांगलं येतं, पायडल तेवढं मारता येत नाही.

परवा चहा पिताना मी चिडून म्हटलं, "इकून टाका ते सायकल. उगीच जागा अडवून राह्यली."

यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"तवाच शिकवाले पाह्यजे होतं म्या तुले."

"मंग आता शिकवा."

"सीट धरून सायकलीमांगं पयाले मानूस लागते वं. मह्यानं आता उभं राहनं होत नाही."

तेव्हाच शिकवायला हवं होतं, हे इतकी वर्षं मला यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं, आणि रडू दिसू नये म्हणून कप उचलून आत गेले.