शशिधरचा फोन आणि तिसरं पान

कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत मी टाइम ऑफिसात होतो. शंभर-दीडशे माणसांच्या हजेऱ्या लावता लावता जन्म गेला, पण नियम ऐकून तंतोतंत तसं वागणारा माणूस मी एकच पाहिला. डिस्पॅचचा सुपरवायझर शशिधर. हायवेवरून मोटरसायकलनं येताना हेल्मेट घालायचा म्हणून अख्खी कंपनी त्याला हसायची. त्यात मीही होतो, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

दोन हजार आठ साली त्यानं हौसेनं एक फोन घेतला. संगणकासारखी एबीसीडीची सगळी बटणं असलेला, मोठा. बटणं दाबून बघताना एकदा शेतात चुकून रेकॉर्डिंग सुरू झालं आणि त्याच वेळी त्याचे वडील, रुद्राप्पा, बांधावरून त्याच्यावर ओरडले. "शश्या, मोटार बंद केलीस काय न्हाय? तुझ्या कंपनीचा सायब येणार हाय काय बंद कराय?" पुढं दोन शिव्या, मग खोकला. एवढंच, चाळीस सेकंद.

त्या पावसाळ्यात रुद्राप्पा गेले. घरात त्यांचा फोटो होता, पण आवाज म्हणाल तर हाच. मग रोज दिवेलागणीला शशिधरची आई, मल्लव्वा, चुलीपुढं बसली की म्हणायची, "लाव की आप्पाचं." हा लावायचा. रुद्राप्पांनी मोटार बंद केलीस का विचारलं, की म्हातारी पिठाच्या हातानं फोनकडं बघून सांगायची, "केलीया वो, केलीया." मी एकदा स्वतः बघितलंय. हसू आलं, ते तसंच गिळलं.

पुढं पुण्याच्या ऑफिसातून हुकूम आला. परदेशी गिऱ्हाइकाच्या मेलला तासाभरात उत्तर गेलं पाहिजे, तेव्हा ज्यांच्याकडं चालणारा फोन आहे त्यांनी कंपनीची मेल त्यावर घ्यावी. कंपनी फोन देणार नव्हती. फोन आपला, मेल त्यांची. सोबत चार पानी इंग्रजी नियम आणि खाली सही. शशिधरला इंग्रजी मालाच्या चलनापुरतं यायचं. त्यानं कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "कृष्णात, नीट वाचून सांग. न वाचता मी सही करणार न्हाय."

जेवणाची सुट्टी झाली होती. मी पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं, तिसरं उलटलं आणि चौथ्यावर सहीची जागा दाखवली. "पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाय. फोन हरवला तर तासाभरात पुण्याला कळवायचं. बाकी काय न्हाय." त्यानं दोन्ही गोष्टी डायरीत लिहून घेतल्या आणि मगच सही केली. मी डबा उघडला.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या भट्ट्या बंद असतात. यंत्रांना हार घालायचे, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. त्या दिवशी पूजा सुरू असतानाच शशिधर पांढराफटक पडून माझ्याकडं आला. खिशात फोन नव्हता. सकाळी घेतला होता की नाही, आठवत नव्हतं. माझ्या टेबलावरून फोन लावला तर बंद. बायको माहेरी जयसिंगपूरला गेलेली, घरात आई एकटी आणि दुसरा फोन नाही.

मी म्हणालो, "जरा दम धर की. घरी जाऊन बघ आधी." तो घड्याळाकडं बघत म्हणाला, "घरी जाऊन यायचं म्हंजे तास जाईल. सही केलीया मी."

मग मीच पुण्याला फोन लावला. तिकडची मुलगी भराभरा इंग्रजीत काहीतरी सांगत होती. दोनदा तिनं 'शुअर?' असं विचारलं. बाहेर हलगी वाजत होती, निम्मं ऐकू येत नव्हतं, आणि समजत नाही म्हणायची मला लाज वाटली. मी दोन्ही वेळा 'येस मॅडम' म्हणालो.

फोन घरातच होता. मल्लव्वानं खंडेनवमीची पूजा मांडली होती. विळा, खुरपं, कुऱ्हाड, रुद्राप्पांचा मोटारीचा पाना, आणि मधोमध शशिधरचा फोन. हळदकुंकू लावताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि तो बंद पडला. शशिधर घरी पोचला, बघतो तर ही अशी मांडणी. त्याचा जीव भांड्यात पडला. हात पुढं केला तर आई म्हणाली, "हात लावू नगं. उद्या सोनं वाटून झाल्याबिगार हत्यार उचलायचं न्हाय."

"आव्वा, फोन हत्यार हाय व्हय?"

"तू त्याच्यावरच राबतोस न्हवं रातध्याड? आन् तुझा आप्पा हाय की त्यात."

त्यानं हाही नियम पाळला. फोन सापडला हे पुण्याला कळवायचं त्याच्या डोक्यात आलं, पण नंबर त्या फोनातच होता आणि मी सांगितलेल्या नियमांत सापडलेल्या फोनाविषयी काही नव्हतं. दसऱ्याची सुट्टी झाली की ऑफिसात सांगू, असं त्यानं ठरवलं.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. दिवेलागणीला म्हातारी चुलीपुढं बसली. शशिधरनं कुंकू पुसून फोन चालू केला. मिनिटभर सगळं ठीक होतं. मग पडदा काळा झाला, परत उजळला आणि फोननं विचारलं, भाषा कोणती? मग गाव कोणतं? मग आजची तारीख काय? त्यानं एकेक भरत नेलं. त्याला वाटलं, बंद पडला होता म्हणून विचारत असेल. सगळं भरून झालं तेव्हा आत काहीच नव्हतं. नंबर नाहीत, फोटो नाहीत, आतलं मेमरी कार्डसुद्धा कोरं. तो म्हणाला, "आव्वा, आज बॅटरी न्हाय." आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यापुढं उभा राहिला. मी कपाटातून ते कागद काढले आणि तिसरं पान वाचलं. हरवल्याचं कळवताच कंपनी फोनमधलं सर्व काही दुरून पुसून टाकेल, फोन बंद असेल तर चालू होताच; कामाचं आणि खासगीही, ते परत मिळणार नाही. मी मान खाली घालून मराठीत सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. पण त्याला राग आलाच नाही, तो नुसता गोंधळला होता.

"फोन माझा न्हवं?"

"तुझाच."

"मग त्यांनी पुण्यात बसून कसा पुसला? दाराला तर कडी हुती."

मी कागद परत कपाटात ठेवले. माझे स्वतःचे दोन फोन हरवलेत, एकदाही मी कुणाला कळवलं नाही. कुणीच कळवत नव्हतं. सगळ्या कंपनीत ह्या एकट्यानं नियम पाळला, आणि तोही माझ्या तोंडून ऐकलेला अर्धा.

आठवड्यानं दिवेलागणीला मी त्याच्या घरी गेलो. मल्लव्वाला खरं सांगून माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. शशिधर तिला रोज बॅटरीचंच सांगत होता. मी बसलो, भाकरी थापता थापता तिनं चहा दिला, आणि चुलीपुढून फोन आणून माझ्या हातात ठेवला. "तू विंग्रजी वाचतोस न्हवं? बघ की काय झालंय. ह्याला कळंना झालंय."

पुण्याच्या माणसांनी मेल परत बसवून दिली होती. फोनात तेवढी एकच गोष्ट होती, त्या मुलीची मेल. वेळेत कळवल्याबद्दल आभार मानले होते आणि फोनमधील सर्व माहिती आता सुरक्षित आहे, असं लिहिलं होतं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

शशिधर दारात उभा होता. तो माझ्याकडं बघेना. ठरवून गेलो होतो एक आणि तोंडातून त्या मेलमधलंच निघालं. "सगळं सुरक्षित हाय म्हणत्यात, आव्वा."

"मग लाव की आप्पाचं," असं म्हणून तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि ऐकायला सरसावून बसली.