मुलुंडला नेलेला नारळ

कुडाळहून बस सुटली तेव्हा यांच्या मांडीवर रिपोर्टांची पिशवी होती आणि माझ्या मांडीवर नारळ. नारळ आमच्या रवळनाथाच्या देवळातला. भावोजींनी, म्हणजे यांच्या धाकट्या भावाने, तो खिडकीतून आत दिला. म्हणाले, "वयनी, आमी हयसर गाऱ्हाणा घातलाव. थंय पोचल्यार तुमी घाला. 'व्हय' म्हणूक कोणाक तरी घेवा." (आम्ही इथे घातलं, तिथे तुम्ही घाला, 'होय' म्हणायला कोणाला तरी घ्या.)

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने एकेक वाक्य बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्यामागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते 'व्हय' आलं नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं असं आमच्याकडे मानतात. आणि आमच्या वाडीत सगळ्यात मोठ्याने 'व्हय' म्हणणारा माणूस म्हणजे आमचे हे. त्यांच्या आवाजाने देवळाच्या कौलांवरचे कावळे उडायचे. आता त्याच घशात कॅन्सरची गाठ होती.

मुलुंडला उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. यांच्या मावसभावाचा फ्लॅट बंदच असतो, तो मुलाकडे बंगळुरूला राहतो. चावी वॉचमनकडे होती. आत धूळ, पंख्यावर जळमटं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून चक्क डोंगर दिसत होता, हिरवागार. मी यांना म्हटलं, "बघा, घरच्यासारखंच आहे." ते हसले. तेव्हा अजून हसत होते.

शेजारी कोण राहतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या गावात दार बंद दिसलं की लोक हाका मारतात. इथे मी एकदा दार उघडं टाकून कपडे वाळत घातले, तर वॉचमन विचारायला आला, "काय प्रॉब्लेम आहे का ताई?" म्हटलं, प्रॉब्लेम काही नाही, माणसं दिसावीत म्हणून उघडं ठेवलंय. त्याला काही कळलं नाही.

इस्पितळात रेडिएशन सुरू झालं. तिथली सगळी मंडळी त्याला 'लाईट' म्हणतात. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालतात, तो टेबलाला घट्ट बसवतात, आणि माणसाने आत एकट्याने निजायचं. मी बाहेरच्या बाकावर. हळूहळू यांचं तोंड आतून सोलून निघालं. आधी तिखट सुटलं, मग भात, मग बोलणं. पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांत पाणी यायचं. एका शुक्रवारी ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि हातानेच सांगितलं, जायचं नाही. मी विनवलं, रागावले, काही उपयोग झाला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मध्येच सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल. सोमवारी आणाच."

आणि माझा फोन? तो दिवसभर वाजायचा. कोणी गोमूत्र सांगे, कोणी गव्हांकुराचा रस, कोणी पपईची पानं. मावससासूबाई म्हणाल्या, ती लाईट-बिईट पुरे झाली, बोरिवलीला एक वैद्यबाई आहेत, तिकडे ने. सल्ले द्यायला अख्खं गाव होतं, पण वाटीभर पेज भरवायला मी एकटीच. खरं सांगते, फोन फेकून द्यावासा वाटायचा.

तरी रविवारी बोरिवलीला निघालेच. यांच्या उशाशी पेज आणि फोन ठेवला. नारळही सोबत घेतला, कारण आमच्या वाडीतले बापू त्या वैद्यबाईंच्या गल्लीतच राहतात असं कळलं होतं. म्हटलं, त्यांना 'व्हय' म्हणायला मुलुंडला घेऊन यावं.

आमच्या खिडकीतला डोंगर आणि बोरिवलीचा डोंगर एकच आहे, हे मला बसमध्ये कळलं. मधून जाता येत नाही, म्हणून बस भांडुप, पवई करत अख्ख्या डोंगराला वळसा घालते. पवईला तलाव दिसला, त्यामागे काचेच्या इमारती. बघत बसले होते, तेवढ्यात ब्रेक लागला आणि पिशवीतून नारळ सुटला. गडगडत थेट ड्रायव्हरपर्यंत!

"नारळ कोणाचा रे?" कंडक्टर ओरडला.

"माझा, माझा!" मी पदर सावरत धावले.

"सांभाळा ना मावशी. फुटला असता तर बसमध्येच प्रसाद वाटायला लागला असता." सगळे हसले. मीही हसले, आणि किती दिवसांनी हसले ते आठवेना.

बोरिवलीला गाडीवर साबुदाणावडा घेतला. गरम, कुरकुरीत. पहिला घास सहज गिळला गेला आणि मला लाज वाटली. उरलेला कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

वैद्यबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. रिपोर्ट नीट वाचले आणि म्हणाल्या, "लाईट सोडा म्हणणारा वैद्य शोधत असाल, तर चुकीच्या दारात आलात."

"मग तुमच्याकडे औषध नाही?"

"गाठीवर नाही. तोंडाच्या सालपटांवर आहे." त्यांनी ज्येष्ठमधाच्या तुपाची बाटली पुढे ठेवली. "हेसुद्धा आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवायचं. ते हो म्हणाले तरच लावायचं. आणि त्यांना बोलतं ठेवा हो. तुमच्याबरोबर घरी कोण आहे?"

"कोणी नाही," म्हटलं आणि मला रडूच कोसळलं. त्यांनी पाण्याचा पेला दिला आणि पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

बापूंच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "ते गेले ना मुलाकडे नालासोपाऱ्याला. जागा विकायला काढलीय." मी तिथेच पायरीवर थोडी टेकले. समोर तोच डोंगर, पण पाठमोरा. त्याच्या पलीकडे हे एकटे पडले होते.

परत आले तेव्हा ऊन डोंगरामागे जात होतं. पेज तशीच, वर साय धरलेली. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

माझा तोल सुटला. "मरायचंच असेल तर गावाला जाऊन मरा! इथे मला एकटीला टाकून जायचं नाही, सांगून ठेवते!"

ते हलले नाहीत. मग मी ओट्यावर तांदळाची मूठ पसरली, त्यावर नारळ ठेवला आणि खिडकीतल्या डोंगराकडे तोंड करून उभी राहिले. आमच्याकडे देवळात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. इथे अडवायला तरी कोण होतं?

"बा रवळनाथा, तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेवलंय, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

फ्रीज घरघरत होता. बाकी काही नाही.

"माझो घोव यशवंत..." लग्नानंतर उखाण्याशिवाय त्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. "यशवंत आजारी आसा, तेका बरो कर रे म्हाराजा."

पुन्हा तेच घरघरणं. मला वाटलं, पुरे झालं. तरी म्हटलं, "तेका उद्या लाईटीक जावची बुद्धी दी रे म्हाराजा."

मागे खाट करकरली. मग घशातून खरवडून काढल्यासारखं, कसंबसं आलं,

"व्हय... म्हाराजा."

वळून बघितलं तर हे उठून बसले होते, गालावर पाणी. सोमवारी स्वतःच चपला घालून दारात उभे राहिले. डॉक्टरांनी तुपाला हो म्हटलं. उरलेली लाईट पुरी झाली.

आता आम्ही गावी आलोय. गाठ गेली की नाही ते पुढच्या तपासणीत कळेल, तोवर धाकधूक आहेच. लोक विचारतात, मुंबईत काय काय बघितलंस? मी सांगते, एक डोंगर बघितला, दोन्ही बाजूंनी. देवळात गाऱ्हाणं असलं की सगळ्यांचं 'व्हय' दणक्यात होतं. यांचं मागाहून येतं, बारीक. भावोजी ते ऐकू येईपर्यंत पुढचं वाक्य म्हणत नाहीत.